सहा वर्षांचे शिक्षक, जन्माचे गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने यांनी शाळेत प्रत्यक्ष शिकवले ते अवघी सहा वर्षे. १९२४ च्या जून महिन्यात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३० च्या एप्रिलअखेर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पुढची वीस वर्षे सत्याग्रह, तुरुंगवास, शेतकरी-कामगारांच्या सभा, भूमिगत चळवळ, उपोषणे, वृत्तपत्रे आणि अखंड लेखन यांत गेली. शाळेच्या हजेरीपटाशी त्यांचा संबंध पुन्हा आला नाही. स्वातंत्र्यसैनिक, लेखक, कवी, संपादक अशी कोणतीही बिरुदे त्यांना शोभली असती. पण महाराष्ट्राने त्यांच्यासाठी एकच संबोधन निवडले आणि ते आजतागायत कायम ठेवले. त्यांना कधीही न पाहिलेली, त्यांच्या निधनानंतर जन्मलेली माणसेही त्यांना साने गुरुजी म्हणूनच ओळखतात. सहा वर्षांची नोकरी एखाद्याची जन्माची ओळख कशी होते, हे समजून घ्यायचे तर त्यांचे सारे आयुष्यच पाहावे लागते.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. दापोली परिसरातील हे डोंगराच्या कुशीतले छोटे गाव. साने घराण्याकडे खोती होती, एके काळी घरात सुबत्ताही होती. पण पांडुरंगाला कळू लागले तोवर तिला ओहोटी लागलेली होती. कर्ज वाढत गेले, भाऊबंदकी आली, मोठ्या घरातून बाहेर पडण्याची पाळी आली. वडील सदाशिवराव मानी स्वभावाचे होते आणि लोकमान्यांच्या राजकारणाचा त्यांच्यावर प्रभाव होता. आई यशोदाबाई सुखी माहेरातून आलेल्या. परंतु पडत्या काळातला संसार त्यांनी कोणापुढे हात न पसरता रेटला. दारिद्र्याचे चटके बसत असतानाही मुलाच्या मनाला कडवटपणा शिवू नये, याची काळजी त्यांनी घेतली.

या बाईंना शिक्षणशास्त्र ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. मात्र मुलाला घडवताना कुठे मऊ राहायचे आणि कुठे कठोर व्हायचे, याची उपजत जाण त्यांना होती. पोहायला घाबरून लपून बसलेल्या मुलाला त्यांनी छडीने बदडून विहिरीकडे धाडले आणि नंतर त्याच पाठीवरचे वळ पाहून त्यांचे डोळे भरून आले. झाडावरच्या मुक्या कळ्या खुडू नयेत, हेही त्यांनीच शिकवले. गुरुजींनी पुढे सांगितलेल्या आठवणींपैकी एक विशेष लक्षात राहणारी आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हाताऱ्या बाईची लाकडांची मोळी वाटेत खाली पडली होती आणि ती उचलून द्यायला कोणी पुढे होत नव्हते. आईने मुलाला ती मोळी उचलून द्यायला सांगितले आणि घरी येऊन आंघोळ कर, असेही बजावले. विटाळाची रूढी त्या माउलीला ओलांडता आली नाही. पण रूढीसाठी म्हातारीला ताटकळत ठेवणेही तिला मान्य झाले नाही. आईने अर्ध्यावर सोडलेली ही वाट मुलाने पुढे पंढरपुरात पुरी केली.

पांडुरंगाचे शिक्षण अनेक ठिकाणी विखुरलेले आहे. पालगडची शाळा संपल्यावर तो दापोलीच्या मिशन शाळेत गेला. तिथली फी परवडेनाशी झाली, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून त्याने औंध संस्थान गाठले. परक्या गावात हाताने स्वयंपाक करून, प्रसंगी अर्धपोटी राहून अभ्यास सुरू झाला. पण प्लेगच्या साथीमुळे तेही ठिकाण सोडावे लागले. अखेर पुण्यात नूतन मराठी विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. याच काळात, १९१७ साली आई वारली. अखेरच्या क्षणी मुलगा तिच्याजवळ नव्हता. ही रुखरुख त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. १९१८ मध्ये तो मॅट्रिक झाला आणि १९२२ मध्ये पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे पुढच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, बी. ए. झाला. विद्यार्थिदशेत सोसलेली उपासमार, माधुकरीच्या आणि वारांच्या जेवणातली लाचारी, फीसाठी करावी लागलेली याचना हे सारे त्यांच्या शिक्षकपणाचे भांडवल ठरले. वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या मुलाने सकाळी काही खाल्ले आहे की नाही, हे त्यांना विचारावे लागत नसे.

तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरला आले. पूर्व खानदेशातील बोरी नदीकाठचे हे गाव संत सखाराम महाराजांच्या परंपरेमुळे वारकऱ्यांना परिचित होते. प्रताप शेठ यांच्या गिरणीमुळे तिथे उद्योगही आला होता. याच प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था सुरू झाली होती. तिथे राहून साने यांनी एम. ए. चा अभ्यास पूर्ण केला. पुढे संशोधन करावे, ग्रंथ लिहावेत, पंडित म्हणून नाव मिळवावे, असा एक मार्ग समोर होता. पण ब्रह्म आणि माया यांची चर्चा करीत बसण्यात त्यांचे मन रमले नाही. त्याच गावातील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली.

वर्गात ते समरस होऊन शिकवीत. मराठी असो वा संस्कृत, धड्यातील करुण प्रसंग आला की शिक्षकाचाच कंठ दाटून येई. शिकवता शिकवता ते पुस्तकातून केव्हा बाहेर पडत आणि जगातल्या थोरांच्या कथांत शिरत, हे मुलांना कळतही नसे. मात्र सान्यांचे गुरुजी झाले ते वर्गात नव्हे. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि तिथे त्यांच्यातील आई जागी झाली.

खानदेशच्या खेड्यापाड्यांतून आलेली, घरापासून प्रथमच दूर राहणारी ही मुले. अंथरुणे तशीच पडलेली, कपडे अस्ताव्यस्त, कंदिलांच्या काचा काजळीने भरलेल्या, हे वसतिगृहाचे नेहमीचे चित्र. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गृहपतीने यावर दंड केला असता किंवा छडी उगारली असती. गुरुजींनी वेगळेच केले. मुले शाळेत किंवा खेळायला गेली की ते स्वतः खोल्या झाडून काढीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, काचा पुसून ठेवीत, कुणाचे मळके कपडे धुऊन वाळत टाकीत. त्याविषयी ते चकार शब्द काढीत नसत. पहिल्या दिवशी मुलांना नवल वाटले, मग संकोच वाटला आणि हळूहळू ती स्वतःच लवकर उठून खोल्या लावू लागली. आजारी मुलाच्या उशाशी गुरुजी रात्र काढीत. पगार हाती आला की त्यातला बराचसा भाग कुणाची फी, कुणाची पुस्तके यांत जाई. शिक्षकाने विद्यार्थ्याची सेवा करावी ही कल्पना गुरूला देवासमान मानणाऱ्या परंपरेत सहज पचणारी नव्हती. गुरुजींनी तिचा कधी पुरस्कार केला नाही, व्याख्यान दिले नाही; ते फक्त तसे वागले.

छात्रालयात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ते एक हस्तलिखित दैनिक काढू लागले. रोजच्या रोज स्वतःच्या हाताने लिहून ते मुलांसाठी ठेवले जाई. देशातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे, एखादी गोष्ट, छात्रालयात आदल्या दिवशी घडलेले काही, असा त्यातला मजकूर असे. एका वसतिगृहातील मूठभर मुले हाच या दैनिकाचा वाचकवर्ग. पण त्यासाठी लागणारी मेहनत मोठ्या वृत्तपत्राइतकीच होती. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक सुरू केले. गुरुजींची साधी, ओघवती, समोर बसलेल्या मुलाशी बोलावे तशी भाषा या दोन नियतकालिकांत घडली. पुढे ते मोठ्या माणसांसाठी लिहू लागले तरी त्यांच्या नजरेसमोरचा वाचक बदलला नाही. त्यांच्या सामर्थ्याचे आणि त्यांच्या मर्यादांचेही मूळ तिथेच आहे.

१९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. देशासाठी त्याग करावा, असे मुलांना रोज सांगणाऱ्या शिक्षकाला आता पगाराच्या सावलीत बसून राहणे अशक्य झाले. त्यांनी शाळा सोडली आणि चळवळीत उडी घेतली. मे महिन्यात त्यांना अटक झाली. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांची रवानगी दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीला झाली. तिथे निरनिराळ्या प्रांतांतले राजबंदी एकत्र आले होते. गुरुजींच्या लक्षात आले, की आपण एका देशासाठी तुरुंगात आलो खरे. पण शेजारच्या कोठडीतल्या देशबंधूची भाषा आपल्याला येत नाही, त्याचे संत आणि कवी आपल्याला माहीत नाहीत. चाळीस मुलांना शिकवणारा शिक्षक मग स्वतःच विद्यार्थी झाला. त्यांनी तमिळ शिकायला सुरुवात केली, बंगालीशी ओळख करून घेतली. पुढे तिरुवळ्ळुवरांचा ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणला. १९३१ च्या मार्चमध्ये, गांधी-आयर्विन करारानंतर त्यांची सुटका झाली. पण आंतरभारतीचे बीज त्या तुरुंगात पडले होते.

सुटका अल्पकाळच टिकली. १९३२ च्या आरंभी पुन्हा अटक झाली आणि या वेळी धुळ्याच्या तुरुंगात त्यांना विनोबा भावे यांचा सहवास लाभला. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अशी अठरा प्रवचने झाली. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक पुढे देशातल्या अनेक भाषांत गेले, घरोघरी वाचले गेले. ते अस्तित्वात आले याचे श्रेय गुरुजींच्या त्या अठरा रविवारच्या लेखणीला आहे. उत्तम शिक्षकाला उत्तम श्रोताही व्हावे लागते, याचा याहून वेगळा दाखला नको.

त्यानंतर नाशिकचा तुरुंग. दिवसभर सक्तीचे काम आणि रात्री सोबतच्या कैद्यांशी गप्पा, असा क्रम होता. गुरुजी त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगत. १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेपासून पुढच्या अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी या आठवणींचा बराचसा भाग लिहून काढला. उरलेली प्रकरणे तुरुंगाबाहेर आल्यावर पूर्ण झाली. १९३५ मध्ये ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाले. श्याम हा तरुण आश्रमातील आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एक गोष्ट सांगतो, अशी बेचाळीस रात्रींची ही रचना आहे. आई जाऊन सोळा वर्षे लोटली होती. तिच्या अखेरच्या क्षणी जवळ नसलेल्या मुलाने तुरुंगाच्या भिंतीआड तिच्यापाशी पाच दिवस काढले. या पुस्तकाने मराठी घरांत जे स्थान मिळवले, ते फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला आले आहे. ‘श्याम’ आणि ‘धडपडणारा श्याम’ या पुस्तकांतून गुरुजींनी आपल्या बालपणाची आणि विद्यार्थिदशेची कहाणी पुढे नेली.

समीक्षकांनी मात्र गुरुजींना कधी झुकते माप दिले नाही. त्यांचे लेखन भाबडे आहे, भावविवश आहे, पानोपानी आसवे ढाळणारे आहे, असा आक्षेप वारंवार घेतला गेला. त्यात तथ्य नाही असे नाही. गुरुजींच्या गोष्टींत भल्याबुऱ्याची विभागणी सरळ असते, उपदेश उघड असतो आणि डोळे लवकर भरून येतात. परंतु हेच हळवे गृहस्थ एका राजवटीने वारंवार तुरुंगात डांबले, हेही विसरून चालत नाही. त्यांचा ‘पत्री’ हा कवितासंग्रह १९३५ मध्ये निघाला, तेव्हा त्यातील देशभक्तीच्या कवितांमुळे सरकारने तो जप्त केला. भाबडेपणाची भीती सत्तेला वाटत नसते. गुरुजींच्या अश्रूंमागे ठाम निश्चय होता आणि तो वेळोवेळी समोर आला.

१९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन; अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडले, आणि अधिवेशनात सफाईचे कामही त्यांनी आनंदाने केले. छात्रालयाच्या खोल्या झाडणाऱ्या हातांना त्यात नवे काहीच नव्हते. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून खानदेशातील शेतकऱ्यांची व गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडली. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर युद्धविरोधी प्रचारासाठी पुन्हा तुरुंगवास घडला. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत राहून काम करीत होते; १९४३ मध्ये पोलिसांनी त्यांना मुंबईत पकडले. या सर्व वर्षांत राष्ट्र सेवा दलाच्या तरुणांशी त्यांचे नाते जडले. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्यासारखे समाजवादी नेते या तरुणांना विचार देत होते. गुरुजींच्या रूपाने त्यांना मायेचे माणूस मिळाले. छात्रालय आता महाराष्ट्रभर पसरले होते.

स्वातंत्र्य दृष्टिपथात आले, तेव्हा गुरुजींना एका गोष्टीने अस्वस्थ केले. ज्या विठ्ठलाला महाराष्ट्र आपली माउली मानतो, त्याच्या पंढरपूरच्या मंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. चोखोबा ज्याच्या पायरीशी राहिले, त्याच्या दाराशी पिढ्यान् पिढ्या त्यांचे बांधव उभे होते. हे दार उघडावे यासाठी प्राणांतिक उपोषण करण्याचा निर्धार गुरुजींनी जाहीर केला. मात्र त्याआधी लोकमत जागे करण्यासाठी ते काही महिने महाराष्ट्रभर फिरले. सेनापती बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले. सेवा दलाचे कलापथक गाणी आणि मेळे घेऊन सोबत होते. गावोगाव सभा झाल्या, अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी आपली मंदिरे आणि विहिरी सर्वांना खुल्या केल्या. उपोषणाने सारे काही साधते, अशी गुरुजींची समजूत नव्हती. आधी माणसांशी बोलायचे, त्यांना विचार करायला वेळ द्यायचा आणि मगच स्वतःला पणाला लावायचे, हा शिक्षकाचाच क्रम होता.

विरोधही कडवा होता. सनातनी मंडळींनी त्यांची टवाळी केली, त्यांच्या हेतूंवर शंका घेतल्या. दुःखाची गोष्ट अशी, की ज्या गांधीजींच्या शब्दासाठी त्यांनी शाळा सोडली होती, त्यांच्यापर्यंत परिस्थितीचे वेगळेच चित्र पोहोचवले गेले आणि उपोषण करू नये असा गांधीजींचा निरोप आला. गुरुजींच्या आयुष्यातील हा कदाचित सर्वांत कठीण क्षण असावा. आराध्य मानलेल्या माणसाचा सल्ला एका बाजूला आणि स्वतःच्या सद्सद्विवेकबुद्धीचा कौल दुसऱ्या बाजूला. त्यांनी विनयाने, पण निश्चयाने आपल्या निर्णयाला चिकटून राहायचे ठरवले. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. दिवसागणिक प्रकृती खालावत गेली. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, बडव्यांशी बोलणी झाली आणि दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. मोळी उचलून दिल्यावर आंघोळीला पाठवलेल्या त्या मुलाने विठ्ठलाच्या दारातला विटाळच मोडीत काढला.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी देश स्वतंत्र झाला. पण फाळणीच्या रक्तपाताने गुरुजींचा आनंद हिरावून घेतला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला होता, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. आपण ज्या समाजाला शिकवत आलो त्यातूनच हे घडले, म्हणजे आपलेच काही चुकले असले पाहिजे, अशा भावनेने त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. विद्यार्थी चुकला की शिक्षकाने स्वतःला शिक्षा करून घ्यायची, हा छात्रालयातला नियम त्यांनी आता सबंध समाजाला लावला होता. छात्रालयात तो नियम लागू पडला, कारण तिथली मुले त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि सायंकाळपर्यंत सुधारत होती. समाज त्या वेगाने सुधारत नसतो, आणि त्याच्या प्रत्येक अपराधाचे ओझे एका माणसाने वाहायचे म्हटले तर ते ओझे कधीच उतरत नाही.

तरीही ते कामाला लागले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी त्यांनी मुंबईत ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. समाजवाद, जातिनिर्मूलन, धर्मांमधील सलोखा आणि भारतीय भाषांमधील देवाणघेवाण यांसाठी हे व्यासपीठ होते. याच साप्ताहिकातून त्यांनी पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध झाली. पाखरे, फुले, पाऊस, देशोदेशीच्या कथा आणि चालू घडामोडी यांनी भरलेली ही पत्रे नंतर ‘सुंदर पत्रे’ या नावाने पुस्तकरूपात आली. राजकारणात मन विटत चालले असतानाही एका लहान मुलीला लिहिताना त्यांची लेखणी पूर्वीसारखीच प्रसन्न होत असे.

त्रिचनापल्लीत पडलेले बीजही आता वर आले होते. प्रत्येक प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथे जाऊन राहावे, तिथले साहित्य आपल्या भाषेत आणावे, यासाठी आंतरभारती नावाची संस्था उभारण्याचे स्वप्न त्यांनी १९४९ मध्ये पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनापुढे मांडले. भाषावार प्रांतांची मागणी जोर धरत असताना हा विचार पुढे आला, हे विशेष. आपल्या भाषेचे प्रेम शेजारच्या भाषेच्या द्वेषावर पोसले जाऊ नये, हा त्यामागचा आग्रह होता. त्यासाठी ते हिंडले, बोलले, निधी मागितला. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. संस्था उभी राहील एवढे पाठबळ मात्र त्यांच्या हयातीत मिळाले नाही.

११ जून १९५० रोजी मुंबईत गुरुजींनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. त्या वेळी ते पन्नास वर्षांचे होते. महाराष्ट्राला हा धक्का दीर्घकाळ पचवता आला नाही. देशाच्या स्थितीविषयीचे नैराश्य, गांधीजींच्या हत्येचा घाव, थकलेले शरीर, मुळातले हळवे मन अशी अनेक कारणे सांगितली गेली. कोणत्याही एका कारणावर बोट ठेवणे अशा मृत्यूला न्याय देणारे नाही. काहींनी त्यांच्या मृत्यूला उदात्ततेचे वलय देण्याचा प्रयत्न केला, काहींनी दुर्बळपणाचा शिक्का मारला. दोन्ही बाजूंनी एक साधी गोष्ट नजरेआड केली. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या या माणसाच्या उशाशी कुणीतरी बसण्याची वेळ आली होती. चाहते असंख्य होते, अनुयायी निष्ठावंत होते. पण सर्वांनी त्यांच्याकडे आधार म्हणून पाहिले आणि आधारालाही आधार लागतो, हे फार उशिरा लक्षात आले. हसतमुखाने सर्वांची दुःखे वाहणारी माणसे आजही घरोघरी आणि शाळाशाळांतून असतात. त्यांची विचारपूस वेळीच व्हायला हवी, हा गुरुजींच्या अखेरीने शिकवलेला धडा आहे. त्यांनी तो देऊ नये, असेच कुणालाही वाटेल.

त्यांच्यामागे कामे थांबली नाहीत. रावसाहेब पटवर्धन आणि आचार्य जावडेकर यांनी ‘साधना’ची धुरा घेतली; पुढे ते साप्ताहिक पुण्यात आले आणि पिढ्या बदलत गेल्या तरी निघत राहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामालेच्या रूपाने गोष्ट सांगण्याची परंपरा शाळाशाळांत नेली. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. तिथे विविध प्रांतांच्या तरुणांची शिबिरे भरू लागली आणि आंतरभारतीच्या स्वप्नाचा काही अंश तरी प्रत्यक्षात आला.

दर वर्षी २४ डिसेंबर आणि ११ जून या दोन तारखांना शाळांमधून गुरुजींच्या तसबिरीला हार घातला जातो, त्यांची प्रार्थना म्हटली जाते. तसबिरीला हार घालणे सोपे असते. छात्रालयातल्या त्यांच्या पद्धतीचे अनुकरण करणे तेवढे सोपे नाही, कारण त्यासाठी मुलांच्या आधी स्वतः झाडू हाती घ्यावा लागतो. शिक्षणाचे आराखडे बदलले, फळ्यांच्या जागी पडदे आले, शिकवण्या वाढल्या. परंतु खेड्यातून शहराच्या वसतिगृहात प्रथमच आलेले, पहिल्या रात्री पांघरुणात तोंड लपवून रडणारे मूल आजही तसेच आहे. १९२४ मध्ये अमळनेरला अशाच एका मुलाच्या खोलीत पंचविशीतला एक शिक्षक कंदिलाची काच पुसून ठेवत होता. त्याने ते काम कुणी सांगितले म्हणून केले नव्हते, आणि कुणाला दिसावे म्हणूनही नाही. सहा वर्षांची नोकरी जन्माची ओळख झाली, ती यामुळे.